गंधरसाचा किनारा

भाचीला मुलगी झाली तेव्हा आईनं माझ्या हातात यादी ठेवली. अळीव, डिंक, खारीक, बाळंतशेपा, वेखंड, ओवा आणि सगळ्यात खाली, दोनदा रेघ मारून, बोळ. "काळा नको, हिराबोळ आण," असं वर तोंडी बजावलं. काळा बोळ म्हणजे कोरफडीचा वाळवलेला रस, हा त्याहून वेगळा. कल्याणच्या जुन्या बाजारातल्या काष्ठौषधींच्या दुकानात म्हाताऱ्या दुकानदारानं बरणीतले तांबूस, धुरकट खडे तराजूत टाकले. भाव ऐकून मी जरा थबकलो, तर म्हणाला, "सोमालियाचा माल आहे साहेब. तिकडं काय चाललंय ते पेपरात वाचता ना?"

वाचत होतो. पण खरं सांगायचं तर समुद्री चाचे, दुष्काळ आणि बाँबस्फोट यापलीकडे सोमालिया मला माहीतच नव्हता.

भाचीच्या डॉक्टरीणबाईंनी पोटात काहीही द्यायचं नाही असा दम भरला, आई दोन दिवस रुसली आणि पुडी माझ्या टेबलावर येऊन पडली. डिसेंबर होता. वसईच्या एका मित्राकडे नाताळचा गोठा बघायला गेलो. त्याची धाकटी मुलगी मातीचे तीन राजे मांडत होती आणि कुणाच्या हातात काय ते सांगत होती: सोनं, ऊद, गंधरस. मराठी बायबलातले हेच शब्द. "पण बाबा, गंधरस म्हणजे काय?" बाबाला सांगता येईना. मलाही येईना. घरी येऊन कोश उघडला तर गंधरस म्हणजे बोळ. माझ्या टेबलावरची पुडी.

तेव्हापासून एक प्रश्न मागे लागला. बाळ येशूपुढे ठेवलेल्या तीन वस्तूंपैकी दोन सोमालींच्या डोंगरात झाडाचा चीक म्हणून पाझरतात. समोरच्या येमेन-ओमानातही त्या होतात, पण जगातल्या धुपाचा मोठा वाटा आजही सोमाली झाडांचा आहे. 'मैदी' नावाचा तिथला उंची धूप इजिप्तच्या कॉप्टिक चर्चमध्ये पिढ्यान्‌पिढ्या जळत आला. शेजारी इथिओपियात चौथ्या शतकापासून चर्च आहे. मग ज्या किनाऱ्यानं देवळाला धूप पुरवला, त्या किनाऱ्यावर देऊळ का उभं राहिलं नाही? आणि राहिलं असतं तर?

'असं झालं असतं तर' हा खेळ मला एरवी आवडत नाही. पानिपत जिंकलं असतं तर, या एका प्रश्नावर आपल्याकडे किती चहा संपलाय याचा हिशेब नाही. पण या प्रश्नात मी अडकलो, कारण शोधता शोधता लक्षात आलं की हा खेळ इतिहासानं खरोखर खेळून पाहिला आहे.

आधी तो किनारा. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्यानं तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. तेच ते पेरिप्लस. आपल्याकडच्या सोपारा, कल्याण, चौल, पैठण, तेर यांच्या उल्लेखांसाठी आपण ते उघडतो आणि आपली गावं सापडली की मिटून ठेवतो. त्याच वहीत सोमाली किनाऱ्याची बंदरंही आहेत: अवालितेस म्हणजे आजचं झैला, मलाओ म्हणजे बर्बेरा, ओपोने म्हणजे रास हाफून. आणि या बंदरांवर कुठला माल उतरतो? आरियाके आणि भडोचकडचे गहू, तांदूळ, तूप, तिळाचं तेल, सुती कापड आणि 'साक्करी' नावाचा वेताचा मध. आरियाके म्हणजे आपलाच उत्तर कोकण-गुजरातचा पट्टा. म्हणजे बोळ इकडे येत होता आणि तूप तिकडे जात होतं. सोमाली भाषेत बोळाला 'मलमल' म्हणतात. शब्दांचा हा निव्वळ योगायोग, पण इथून कापड जावं आणि तिथून मलमल यावी याची गंमत वाटल्याशिवाय राहिली नाही.

त्याच परिच्छेदात एक कोरडं वाक्य आहे. या मुलखावर राजा नाही, प्रत्येक बंदराचा आपापला ठाणेदार आहे, असं तो व्यापारी लिहितो. जकात कुणाला द्यायची हे कळावं म्हणून लिहिलं असणार. मला त्या वाक्यात माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळालं.

कारण शेजारच्या अक्सूममध्ये, म्हणजे इथिओपियाच्या जुन्या राज्यात, ख्रिस्ती धर्म राजाच्या दारातून आला. रुफिनस नावाच्या चर्चच्या इतिहासकारानं ती गोष्ट सांगितली आहे. टायर शहराचा मेरोपियस नावाचा विद्वान दोन मुलांना घेऊन 'इंडिया'च्या सफरीला निघाला. गोड्या पाण्यासाठी गलबत एका बंदराला लागलं आणि तिथल्या लोकांनी खलाशांची कत्तल केली. दोन्ही मुलं एका झाडाखाली धडे गिरवत बसली होती. त्यांची दया येऊन त्यांना राजाकडे नेलं. एक राजाचा पेलाधारक झाला, दुसरा, फ्रुमेंटियस, कारभारी. राजा वारला, गादीवर मूल होतं, राणीनं यांनाच राज्य सांभाळायची गळ घातली. पुढे फ्रुमेंटियस अलेक्झांड्रियाला जाऊन तिथल्या मुख्य बिशपच्या, अथनेशियसच्या, हातून बिशप होऊन परत आला. एझाना राजानं नाण्यांवरची चंद्रकोर काढून क्रॉस आणला. जगात नाण्यावर क्रॉस छापणाऱ्या पहिल्या राज्यांत अक्सूम मोडतं.

आता ते गलबत थोडं पुढे जाऊन मलाओला लागलं असतं अशी कल्पना करू. मुलं झाडाखाली सापडली असती. दयाही आली असती, पाहुण्याला सांभाळण्यात सोमाली कमी नाहीत. पण त्यांना कुणाकडे नेलं असतं? राजाच नाही. पेला नाही, खजिना नाही, कारभारी हवा असलेली राणी नाही. ती मुलं जनावरांमागे वाढली असती, पाऊस शोधत हिंडली असती, तिथल्याच मुलींशी लग्नं करून कुणाचे तरी पूर्वज झाली असती. नाणंच नसलेल्या मुलखात क्रॉस छापायचा कशावर?

राजा नसेल तर धर्म घरोघर चुलीपाशी शिरावा लागतो. इथं मी सगळ्यात जास्त रंगलो तो भाग येतो, तेव्हा थोडा रेंगाळतो.

इथिओपियन चर्चचे उपास हा एक वेगळाच प्रकार आहे. बुधवार, शुक्रवार, ईस्टरआधीचे ५५ दिवस, आणखी निरनिराळे. साध्या भाविकालाही वर्षाकाठी सुमारे १८० दिवस उपास येतो. आणि उपास म्हणजे मांस बंद, अंडी बंद, दूध बंद, लोणी बंद. आपल्याकडे दूध म्हणजे उपासाचा आधार. एकादशीला ग्लासभर दूध आणि वर साबुदाण्याची खिचडी, म्हणून तर 'एकादशी अन् दुप्पट खाशी'. तिथं उलटं. डोंगराळ पठारावरच्या शेतकऱ्याला ते झेपतं, कारण त्याच्याकडे तेफ नावाचं धान्य आहे, डाळी आहेत. इंजेरा भाजायचा, डाळीचं कालवण करायचं, उपास निभावला.

पण सोमाली धनगराकडे काय आहे? उंटीण. हंगामात तो महिनोन्‌महिने मुख्यतः तिच्या दुधावर जगतो. त्याला अर्धं वर्ष दूध वर्ज्य करायला सांगणं म्हणजे अर्धं वर्ष उपाशी मर म्हणण्यासारखं. त्यात इथिओपियन ख्रिस्ती जुन्या करारातले खाण्यापिण्याचे नियमही पाळतात. त्यात उंट निषिद्ध आहे. पठारावरच्या ख्रिस्ती घरांत उंटाचं मांस चालत नाही, दूधही टाळतात. उंट ही तिथं मुसलमानाची खूण ठरली. त्या तुलनेत रमजान बघा. दिवसभर कडक, सूर्य बुडाला की खजूर आणि पेलाभर दूध. हा नियम उंट पाळणाऱ्यांच्या मुलखात जन्मलेला. माझा आपला तर्क आहे, आणि इतिहासकार याला हसतीलही, पण सोमालींचा धर्म कुठल्या लढाईपेक्षा दुधाच्या भांड्यानं जास्त ठरवला असावा. अक्सूमचा धर्म त्या भांड्यात मावत नव्हता.

यावर कुणी म्हणेल, धर्म वाकला असता. दुधाची सवलत मिळाली असती, उंट पवित्र झाला असता. वाकतात ना धर्म, आपण रोज बघतो. मान्य. आणि म्हणूनच सोकोत्राकडे जायला हवं.

सोमालियाच्या शिंगाच्या टोकापासून सुमारे २४० किलोमीटरवर सोकोत्रा बेट आहे. छत्रीसारख्या झाडांचे फोटो सगळ्यांनी पाहिले असतील. तिथल्या होक गुहेत आपल्याकडच्या खलाशांनी ब्राह्मी लिपीत नावं कोरून ठेवली आहेत. त्यांतले अनेक भडोचचे. गडावर आपलं नाव कोरणाऱ्यांना आपण नावं ठेवतो, ती खोड किती जुनी आहे ते तिथं समजतं. राजा नाही, मोठं शहर नाही. शेळ्या, खजूर, धूप, कोरफड आणि मोसमी वाऱ्याबरोबर येणारे परके. सोमाली किनाऱ्याची छोटी प्रतिकृतीच म्हणा. आणि हे बेट ख्रिस्ती होतं. सहाव्या शतकात कॉस्मस हा व्यापारी लिहितो की तिथं ख्रिस्ती लोक आहेत आणि त्यांचे धर्मगुरू इराणमधून नेमून येतात. अक्सूमचं चर्च वेगळं, हे पूर्वेचं सीरियाई चर्च. हजार वर्षांच्या वर हा धर्म तिथं टिकला.

टिकला, पण कसा? मार्को पोलो सांगतो की हे ख्रिस्ती वाऱ्यावर सत्ता चालवणारे पक्के मांत्रिक आहेत. आर्चबिशप त्यांना बहिष्काराच्या धमक्या देतो, ते म्हणतात आमचे बापजादे हेच करत होते. १५४२ मध्ये गोव्याला निघालेला फ्रान्सिस झेवियर वाटेत तिथं उतरला. आज ज्याच्या शवदर्शनाला जुन्या गोव्यात रांगा लागतात तोच हा. त्यानं पाहिलं की हे लोक स्वतःला सेंट थॉमसच्या शिष्यांचे वंशज समजतात, त्याचा त्यांना फार अभिमान आहे, क्रॉसपुढे दिवे लावतात. पण त्यांच्या पुरोहितांनाही लिहिता-वाचता येत नाही आणि ज्या भाषेत ते प्रार्थना म्हणतात ती त्यांना स्वतःलाच समजत नाही. सगळं तोंडपाठ. झेवियरला तिथंच राहायचं होतं, गव्हर्नरनं राहू दिलं नाही. सतराव्या शतकात या धर्माच्या शेवटच्या खुणाही पुसल्या गेल्या. आज सोकोत्रा मुसलमान आहे.

एक समज या बेटानं माझा मोडला. मला वाटायचं, सोमाली ख्रिस्ती झाले असते तर त्यांची भाषा दीड हजार वर्षं आधी लिहिली गेली असती. आर्मेनियाला बायबलामुळे लिपी मिळाली, नुबियाला मिळाली. सोमालीला अधिकृत लिपी मिळाली ती १९७२ मध्ये, तीही रोमन. ज्या भाषेतल्या अख्ख्या कवितेत प्रत्येक ओळीत एकाच वर्णाचा अनुप्रास पाळावा लागतो, ज्या लोकांना शेकडो ओळी तोंडपाठ असतात, त्यांनी स्तोत्रं कशी रचली असती! आपल्या मोरोपंतांनी हेवा करावा अशी. पण सोकोत्रीकडे पाहा. हजार वर्षं चर्च असून ती भाषा अगदी अलीकडेपर्यंत अलिखित राहिली. लिपी नुसत्या धर्माला चिकटून येत नाही. त्यासाठी राजाश्रय लागतो, मठ लागतात, कुणीतरी लेखणी घेऊन वर्षानुवर्षं बसावं लागतं. परक्या भाषेतली प्रार्थना पाठ करून भागत असेल तर भागवलं जातं. आपल्याकडचे मंत्र आठवा.

तेव्हा सोमाली ख्रिस्ती झाले असते तर दुसरा इथिओपिया झाला असता असं मला वाटत नाही. मोठा सोकोत्रा झाला असता. इथिओपियाचं चर्च टिकलं ते पठारामुळे. अक्सूमचं बंदर गेलं, नाणी बंद पडली, धर्म डोंगरात चढून बसला आणि तिथं लालिबेलाची अखंड खडकातली देवळं वरून खाली खोदली, आपल्या वेरूळच्या कैलासासारखी. सोमालींना चढायला असं पठार कुठं होतं? त्यांचं सगळं जगणं सपाटीचं आणि समुद्राकडे तोंड केलेलं. समुद्रावरून पुढे शेख, व्यापारी, सोयरे येत गेले. झैलाला दोन मिहराबांची फार जुनी मशीद आहे. मोगादिशूच्या फखर-अद्-दीन मशिदीचं साल १२६९. त्याला बांध घालायला नुसतं बाप्तिस्म्याचं पाणी पुरलं नसतं.

आणखी एक गोष्ट बदलली नसती: वंशावळ. सोमाली मूल लहानपणीच आपल्या बापजाद्यांची नावं वीस-वीस पिढ्यांपर्यंत घडाघडा म्हणायला शिकतं. बऱ्याच कुळांची साखळी शेवटी अरबस्तानातून आलेल्या एखाद्या थोर शेखाशी जाऊन भिडते. तीच साखळी मग बायबलातल्या शलमोन राजाशी भिडली असती, जशी इथिओपियाच्या राजघराण्यानं भिडवली. किंवा सेंट थॉमसशी, सोकोत्राकरांसारखी. आपली कुळं नाहीत का सूर्याचंद्रापर्यंत पोचत.

या संदर्भात सय्यद मोहम्मद अब्दुल्ला हसन यांची एक गोष्ट सांगतात. पुढे वीस वर्षं इंग्रजांना जेरीस आणणारा हा कवी आणि दरवेशांचा नेता. बर्बेऱ्याच्या बाजूला फ्रेंच कॅथलिक मिशनचं अनाथालय होतं. तिथल्या एका पोराला सय्यदांनी विचारलं, तू कुठल्या कुळाचा? पोरगं म्हणालं, फादरांच्या कुळाचा. ऐकणाऱ्याच्या काळजात चर्र झालं असणार. मला त्या पोराचं उत्तर मात्र फार आवडतं. नवा देव मिळाला तरी त्यानं प्रश्नाची चौकट मोडली नाही. कूळ लागतंच, तर हे घ्या कूळ. सोमाली ख्रिस्ती झाले असते तर असेच झाले असते.

मग युद्धं? ती टळली असती का? 'सोमाली' हा शब्द पहिल्यांदा लिहिलेला सापडतो तो इथिओपियाच्या येशाक या ख्रिस्ती सम्राटाच्या विजयगीतात. त्याची कारकीर्द १४१४ ते १४२९. म्हणजे या लोकांचं नाव कागदावर आलं तेच हरलेल्यांच्या यादीत. पुढच्या शतकात इमाम अहमदनं, ज्याला सोमाली 'गुरेय' म्हणजे डावखुरा म्हणतात, सोमाली टोळ्यांसह पठारावर स्वारी करून ते उभं-आडवं जाळलं. तेव्हा मदतीला आलेले ४०० पोर्तुगीज गोव्याहून निघालेल्या आरमारातून उतरले होते आणि त्यांचा म्होरक्या वास्को द गामाचा मुलगा क्रिस्तोव्हाव होता. १५४२ मध्ये तो मारला गेला, १५४३ मध्ये इमाम. धर्म एक असता तर हे झालं नसतं असं म्हणायचा मोह होतो. पण याच पोर्तुगीजांच्या मागून आलेल्या जेझुइट पाद्र्यांमुळे इथिओपियाचा सम्राट सुसेन्योस कॅथलिक झाला आणि १६३२ पर्यंत ख्रिस्ती ख्रिस्त्यांच्या रक्तात न्हाले. आणि आजचे सोमाली? धर्म एक, पंथ एक, भाषा एक. १९९१ पासूनचं त्यांचं यादवी युद्ध आपण पेपरात वाचतोच.

या साखळीचं एक टोक आपल्या दारापर्यंत आणायचा मोहही मला झाला. त्या धामधुमीच्या मुलखात १५४८ च्या सुमारास जन्मलेलं एक मूल गुलाम म्हणून विकलं गेलं आणि फिरत फिरत अहमदनगरला पोचलं. मलिक अंबर. तो नसता तर खडकी नाही, म्हणजे औरंगाबाद नाही, भातवडीची लढाई नाही, शहाजीराजांनी पाहिलेला गनिमी कावा नाही. पण इतक्या लांबवर दोरी ताणली की ती आपल्याला हवं ते सांगू लागते. सोडून देतो.

त्यापेक्षा एक छोटी गोष्ट मला जास्त धरून ठेवते. इस्लामच्या आधी सोमालींचा आकाशातला देव होता, वाक. शेजारच्या ओरोमो लोकांचाही तोच. ओरोमोंमध्ये ख्रिस्ती धर्म आला तेव्हा बायबलाच्या भाषांतरात परमेश्वरासाठी हेच नाव घेतलं, वाकय्यो. म्हणजे सोमाली ख्रिस्ती झाले असते तर कदाचित वाकचं नाव देवळात राहिलं असतं. तसं झालं नाही. पण नाव गेलंय कुठं? केनियाच्या सीमेवर एल वाक गाव आहे, वाकची विहीर. आबुदवाक नावाचं शहर आहे, वाकची पूजा. आणि सुबत्तेला, पाऊसपाणी उत्तम झालेल्या वर्षाला सोमाली अजूनही 'बर्वाको' म्हणतात. पाचवेळा नमाज पढणारा माणूस चांगल्या पावसाचं वर्णन करताना त्या जुन्या देवाचं नाव घेऊन जातो, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

कॉस्मसच्या त्या सोकोत्राच्या वाक्यात आणखी एक गाव आहे. ते मी मुद्दाम मागे ठेवलं होतं. तो म्हणतो, कल्लियाना इथंही इराणमधून नेमलेला बिशप आहे, तसाच सोकोत्रा बेटावरही. कल्लियाना म्हणजे बहुतेकांच्या मते आपलं कल्याण. जिथून मी रोज ८.२२ ची फास्ट पकडतो ते. चौदाव्या शतकात शेजारच्या ठाण्यात नेस्टोरियन, म्हणजे त्याच पूर्वेच्या चर्चच्या, ख्रिस्त्यांची पंधरा घरं असल्याची नोंद आहे. नंतर काही नाही. सोमालिया ख्रिस्ती झाला असता तर, याचा विचार करत मी दोन महिने वाचत होतो, आणि माझं स्वतःचं गाव एकेकाळी बिशपचं गाव होतं हे मला बासष्टाव्या पानावर तळटिपेत कळलं. दुसऱ्या दिवशी स्टेशनबाहेर उभा राहून उगाच इकडेतिकडे पाहिलं. रिक्षावाले, वडापाव, पुलाचं अर्धवट काम.

त्या संध्याकाळी भाची बाळाला घेऊन आली होती. आई धुरीची तयारी करत होती. मी टेबलावरची पुडी नेऊन दिली. पोटात नको म्हटलंय, शेगडीत टाकायला काय हरकत आहे? आईनं एक खडा निखाऱ्यावर ठेवला. आधी तडतडला, मग कडवट, जुन्या लाकडी पेटीसारखा वास खोलीभर झाला.

बाळ दोनदा शिंकलं.

"पुरे," आई म्हणाली आणि खिडकी उघडली.